ईदच्या घाईत मशीन का अडते?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मोहल्ल्यात रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीनचा आवाज येत राहतो. कुर्ते, फ्रॉक, बुरखे. घरी शिवणकाम करणाऱ्या कितीतरी भगिनींची मोठी कमाई याच दिवसांतली, आणि नेमकी तेव्हाच मशीन धागा तोडू लागते. मेकॅनिकला फुरसत नाही, गिऱ्हाईक दारात. यातला बराच त्रास घरच्या घरी टाळता येतो, असे आम्हाला वाटते.

कापडाखाली धाग्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनवर चिडतात. दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्याचा असतो! धागा ओवताना कापड दाबणारा फूट वर उचललेला हवा. तो खाली असला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, धागा त्यांच्यामध्ये बसतच नाही. मग त्याला ताण मिळत नाही आणि जास्तीचा धागा खाली गोळा होतो. म्हणून स्क्रू पिळण्याआधी धागा काढा, फूट उचला, पुन्हा ओवा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही टोके मागे धरून ठेवा, दोन-तीन टाके पडले की सोडा.

रीळ घेताना धागा उजेडात धरून बघावा. त्यावर लव दिसली तर ती पुढे मशीनमध्येच झडणार. ही लव, कापडाचा भुगा आणि तेल मिळून प्लेटखाली नमद्यासारखा थर बसतो. दातांच्या खाचा भरल्या की कापड नीट सरकत नाही, टाके बारीक पडतात, आणि आपण म्हणतो मशीन म्हातारी झाली.

मोटर असेल तर आधी प्लग काढा. सुई काढा, प्लेटचे दोन स्क्रू खोला, खाचांतला थर सुईच्या टोकाने उचला, बाकी जुन्या टूथब्रशने झाडा. बॉबिन केस आणि शटलची जागाही पुसा. तोंडाने फुंकर मारू नये. भुगा आत जातो, वर तोंडाची ओल लागते. रोज शिवत असाल तर हे आठवड्यातून एकदा हवेच.

नंतर शटलच्या जागी मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. तेल दिल्यावर आधी चिंधीवर चार ओळी शिवा, नाहीतर पहिला डाग पांढऱ्या कुर्त्यावरच पडतो.