‘मूट पॉइंट’ म्हणजे नक्की काय, बॉस?

‘दॅट्स अ मूट पॉइंट!’ मीटिंगमध्ये कुणी हे वाक्य टाकलं, की आपण सगळे शहाण्यासारखी मान डोलावतो. पण मंडळी, आपण हो म्हणतो ते कशाला? मुद्द्यावर अजून चर्चा हवी याला, की मुद्दाच निकालात निघाला याला?

गंमत म्हणजे या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, आणि ते चक्क एकमेकांच्या उलट!

‘मूट’ मूळचा जुन्या इंग्रजीतला. अर्थ : सभा. पुढे लंडनमध्ये वकिली शिकणारी पोरं सरावासाठी काल्पनिक खटले लढवायची, तेही ‘मूट’. आपल्या लॉ कॉलेजांतली मूट कोर्ट स्पर्धा त्याच परंपरेतली. म्हणून ब्रिटिश इंग्रजीत मूट पॉइंट म्हणजे वादाचा, न सुटलेला मुद्दा. अमेरिकेने मात्र त्यातलं ‘काल्पनिक’ तेवढं उचललं. म्हणजे निकाल काहीही लागो, आता फरक पडत नाही. आपल्या भाषेत, बैल गेला नि झोपा केला!

याचं झकास उदाहरण म्हणजे मार्को डीफ्युनिस. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने प्रवेश नाकारला म्हणून तो कोर्टात गेला. खालच्या कोर्टाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला. १९७४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हा पठ्ठ्या शेवटच्या टर्मला होता! कोर्ट म्हणालं, केस मूट. आपल्याकडची कोर्टं अशा याचिकेला ‘इन्फ्रक्चुअस’ म्हणतात.

हे सगळं वकिलांपुरतंच, असं वाटतंय? माझ्या आयटीतल्या मैत्रिणीला विचारा. तिच्या लीडने अमेरिकन क्लायंटला लिहिलं, ‘जादा टेस्टर्स हा मूट पॉइंट आहे.’ त्याला म्हणायचं होतं, यावर बोलू या. क्लायंट समजला, विषय संपला. माणसं आलीच नाहीत आणि अख्खी टीम महिनाभर शनिवारी ऑफिसात!

म्हणून मेलमध्ये सरळ ‘ओपन’ किंवा ‘नो लाँगर रेलेव्हंट’ लिहा. (आणि हो, ‘म्यूट पॉइंट’ तर नकोच. म्यूट फक्त कॉलवर!) समोरच्याने ‘मूट’ म्हटलं, तर न लाजता विचारा, ‘ओपन की क्लोज्ड?’ एवढ्या एका प्रश्नात तुमचा शनिवार वाचू शकतो.