तव्यावरची तंबाखू

तव्यावर तंबाखूचं पान पडलं की आधी नुसता वास येतो. मग कडा वळतात, धूर दाटतो आणि ओटीवर बसलेल्या माणसालाही ठसका लागतो. भाजणारी मात्र निवांत उलथनं फिरवत असते. एखादी पान तांबूस झालं की तवा उतरवते, दुसरीला काळीकुट्टच लागते. गार झाल्यावर हाताने चुरायची आणि डबीत भरायची. हीच मशेरी. सावर्ड्याच्या आसपासच्या वाड्यांत हे पाहिलं आहे. सकाळी चहाच्याही आधी तळव्यावर चिमूटभर घेऊन बोट हिरड्यांवर फिरतं. "मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत नाय," हे कारण तयारच असतं. भाजल्यावर तंबाखूचा कडकपणा जातो, असंही एकीने ऐकवलं.

याच समजुतीची रीतसर तपासणी झाली ती परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. ही संस्था 1952 साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्या आणि ऊतीसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत, याच संस्थेत उभी केली. बायकांनी संशोधन करण्याचं नवल वाटू नये, असं वातावरण तिथे तयार झालं होतं. पुढे त्याच संस्थेत जीवरसायनाच्या अंगाने कर्करोगाचा शोध घेणाऱ्या डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मशेरी अभ्यासाला घेतली. मला यात विशेष वाटतं ते विषयाच्या निवडीचं. सिगारेटवर जगभर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं संशोधन होत होतं, मशेरीकडे कोण पाहणार?

त्यातली एक चाचणी मोठी चतुर आहे. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे जिवाणू घ्यायचे आणि हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या बशीत ठेवायचे. ते वाढत नाहीत. मग मशेरीचा अर्क घालायचा. अर्काने त्यांच्या जनुकात बदल घडवला, तर काही जिवाणूंना हरवलेली क्षमता परत मिळते आणि बशीत ठिपके उमटतात. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण पुष्कळ द्रव्यं शरीरात शिरल्यावर, यकृतातल्या विकरांच्या हातात पडल्यावरच घातक होतात. मशेरीच्या बशीत ठिपके वाढले. प्राण्यांच्या खाद्यात मशेरी मिसळून केलेल्या प्रयोगांत जठराच्या पुढच्या भागात गाठी आढळल्या. जर्मनीत हायडलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या रसायनतज्ज्ञांबरोबर मिळून मशेरी लावणाऱ्यांच्या लाळेतली नायट्रोसमाइन्स ही कर्करोगकारक द्रव्यंही मोजली गेली.

म्हणजे कडकपणा जातो हे खरंही असेल, पण तव्यावर नवीन काहीतरी तयार होतं. वनस्पती अर्धवट जळली की बेन्झोपायरीनसारखी द्रव्यं निघतात. लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 मध्ये काजळीशी जोडला होता. काजळीतलं तेच द्रव्य इथे हिरडीवर चोळलं जातं, आणि तेही रोज, हौसेने.

सावर्ड्याला लागूनच डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. तिथे कर्करोगावर उपचार होतात. पण रुग्णालयापर्यंत पोचण्याआधीचं अवघड काम गावात, तपासणीच्या खुर्चीपाशी असतं. तोंड उघडायला लावून गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीच्या कडेला बॅटरी मारायची आणि पुसून न जाणारा पांढरा चट्टा शोधायचा. दुखत नसल्यामुळे बाईला त्याचा पत्ताच नसतो. त्याआधी प्रश्न विचारायचे, आणि इथेच गाडी अडते. "तंबाखू खाता?" या प्रश्नाला बाई ठाम नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तंबाखू पुरुष खातात, ती दात घासते. जाणत्या आरोग्यसेविका म्हणून सरळ विचारतात, "सकाळी दातांना काय लावता, मावशी?" मग मावशी कमरेची डबी काढून समोर धरते, आणि वर विचारते, "तुमाला पायजे?"