खाडीचे पाणी गाळणारी कालवे



कोकणातल्या आयाबायांना कालवे नवीन नाहीत. ओहोटी लागली की खाडीकाठच्या खडकावर बसून कालवे फोडायची आणि वाटीभर मांस घेऊन घरी यायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, कालव म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा शिंपला. हा साधा जीव खाडीचे पाणी गाळतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची सुमारे ३२० किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिथले एक मोठे कालव, हवापाणी मानवले तर, दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळते. म्हणजे जवळजवळ एक मोठे पिंप! पाण्यातले बारीक शेवाळ ते खाते आणि नको असलेला गाळ गोळी करून तळाला टाकते. तळातले जिवाणू त्यातले काही नत्र हवेत सोडून देतात. कालवांच्या राशीच्या फटींत खेकडे व लहान मासे आसरा घेतात, तो फायदा वेगळाच.

रॉजर न्यूवेल या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एक अंदाज मांडला. १८७० पूर्वीची कालवे ही सारी खाडी तीन ते सहा दिवसांत गाळू शकत होती. १९८८ साली उरलेल्या कालवांना त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागले असते. असे का झाले? लोखंडी दाताळी ओढून राशीच्या राशी उपसल्या गेल्या. शिंपले चुन्यासाठी व रस्त्यांसाठी गेले. पुढे रोगही आले. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग टणक जागा पाहून, विशेषतः जुन्या शिंपल्यावर, कायमचे बसते. शिंपलेच नाहीत तर ते बसणार कुठे? बी आहे पण रान नाही, अशी गत झाली.

म्हणून तिथल्या लोकांनी रान तयार करायला घेतले. मेरीलँड राज्यातल्या हॅरिस क्रीक या फाट्यात २०११ ते २०१५ या काळात सुमारे ३५० एकर तळावर काम झाले. काही ठिकाणी तळाशी दगड व शिंपले अंथरले आणि दोनशे कोटींहून अधिक पिल्ले सोडली. आपण रोपवाटिकेत रोपे करतो, तशी ही पिल्ले हौदात शिंपल्यांवर बसवून घेतात. हॉटेलांत उरलेले शिंपलेसुद्धा गोळा करून यासाठी वापरतात.

मग काम झाले म्हणायचे? नाही. या खाडीत येणाऱ्या नत्राचा सर्वांत मोठा वाटा शेतीचा आहे. मक्याला घातलेले खत आणि कोंबडीखत पावसाबरोबर वाहून येते. त्यावर शेवाळ माजते, मरते, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे-खेकडे गुदमरतात, कालवेही मरतात. म्हणून मेरीलँडचे शेतकरी मका निघाल्यावर राय किंवा गहू पेरतात. रानात उरलेले नत्र त्याची मुळे धरून ठेवतात. सरकार त्यासाठी अनुदान देते.

आता आपल्याकडे येऊ. एका गावसभेत मी हे सांगितले, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, खाडी कोळ्यांची. आमचा काय संबंध?" आदल्याच दिवशी, आभाळ भरून आलेले असताना, त्यांनी भरल्या खाचरात युरिया फेकला होता. मी एवढेच विचारले, "दादा, वाहून गेलेले पोते कोणाच्या पैशाचे?" ते काही बोलले नाहीत. पण सभा संपल्यावर ब्रिकेटची चौकशी करायला थांबले.

तेव्हा मंडळी, जोराच्या पावसाच्या तोंडावर युरिया फेकू नका. खाचरातले पाणी कमी करून हप्त्याहप्त्याने द्या. चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल ब्रिकेट खोचतात, ती रीत कृषी सहायकांकडून समजून घ्या. बांध फुटू देऊ नका. आणि खाडीकाठच्या भगिनींनो, जिथे सांडपाणी पडते तिथली कालवे घरी आणू नका, कारण पाण्यातली घाण ती आपल्या अंगात साठवतात.

खाडी गाळायला कालवे आहेत. पण वरच्या रानातले खत रानातच राखणे, हे काम आपलेच आहे.