सम्राट, वादळ आणि सोयाबीनचा दाणा

२२ फेब्रुवारी २०२२. तारखेत दोनच दोन. या दिवशी दक्षिण कोरियातल्या संगणकखेळांच्या जुन्या शौकिनांना हटकून एकच माणूस आठवला : होंग जिन-हो. ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाचा हा नामांकित व्यावसायिक खेळाडू. कोरियातल्या मोठ्या वैयक्तिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत तो अनेकदा पोहोचला. जिंकला एकदाही नाही. चाहत्यांनी मग ‘दोन’ हा आकडाच त्याच्या नावे करून टाकला. त्याच्याविषयी काही लिहायचे झाले तर तेच वाक्य दोनदा लिहायचे, अशी प्रथा पडली. आणि त्याचे नाव ठेवले ‘खोंग’. कोरियन भाषेत खोंग म्हणजे सोयाबीनसारखा दाणा. ‘होंग’शी यमक जुळते, एवढे भांडवल टवाळांना पुरेसे होते.

हा माणूस एके काळी ‘वादळ’ म्हणून ओळखला जात होता. वादळाचा दाणा कसा झाला, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

‘स्टारक्राफ्ट’ १९९८ साली अमेरिकेत तयार झाला. माणसांचे टेरन, किड्यांसारखे झर्ग आणि प्रगत परग्रहवासी प्रोटॉस अशा तीन जमातींच्या युद्धाचा हा खेळ. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ निघाले, म्हणजे तासावर पैसे देऊन संगणक वापरायची दुकाने. बेकार आणि विद्यार्थी तिथे रात्र रात्र बसत. २००० साली या खेळांना वाहिलेली ‘ऑनगेमनेट’ ही दूरचित्रवाणी वाहिनी आली. सॅमसंग, एसके टेलिकॉम अशा बड्या कंपन्यांनी संघ बाळगले. पुढे हवाई दलानेसुद्धा आपला संघ उभा केला. २००४ साली बुसान शहराच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर एका अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचे सांगतात. बंद खोलीतला खेळ चौपाटीवर आला, तो असा.

पण पडद्यावर दिसते काय? काचेच्या कक्षात बसलेला, कानांवर हेडफोन चढवलेला एक सडपातळ पोरगा. धावत नाही, ओरडत नाही, चेहरा हलत नाही. शिवाय कोरियात किम, ली आणि पार्क या तीनच आडनावांत निम्म्याच्या आसपास लोकसंख्या मावते. खेळाडू स्वतःसाठी रोमन लिपीतली नावे घेत, ‘बॉक्सर’, ‘येलो’, ‘नादा’. (‘नादा’ म्हणजे कोरियनमध्ये ‘मीच तो’. काय हा आत्मविश्वास!) पण स्वतःच घेतलेल्या नावाला कोण विचारतो? ओळख लोकांनी द्यावी लागते.

इथे समालोचकांनी पहिली चाल केली. ऑनगेमनेटचे समालोचक ऑम जे-ग्योंग हे मुळात चित्रकथांचे लेखक. प्रत्येक खेळाडूभोवती गोष्ट रचायची आणि तिला शोभेल असे बिरुद द्यायचे, याबद्दल ते प्रसिद्ध होते. २००१ मध्ये लागोपाठ दोन स्पर्धा जिंकणारा लिम यो-ह्वान ‘सम्राट’ झाला. ली युन-योल ‘प्रतिभावंत’, छ्वे योन-सोंग ‘राक्षस’. चौदा-पंधराव्या वर्षी मैदानात उतरलेला ली योंग-हो आधी ‘बाल राक्षस’ होता, जिंकत गेला तसा ‘अंतिम अस्त्र’ झाला, आणि शेवटी चाहत्यांनी त्याच्या नावामागे सरळ ‘गॉड’ हा इंग्रजी शब्द लावला.

बिरुद आणि टोपणनाव यांत आपली भाषा फरक करते, तो इथे उपयोगी पडतो. बिरुद वरून मिळते. टोपणनाव कट्ट्यावर पडते, आणि ते पडताना धन्याला कोणी विचारत नाही. दिलीप वेंगसरकरांना सी. के. नायुडूंच्या आठवणीने ‘कर्नल’ म्हटले गेले, त्यात आदर होता. ‘खोंग’मध्ये कसला आदर?

२००१ च्या अंतिम सामन्यात होंग सम्राटाकडून ३-२ असा हरला. २००३ मध्ये दुसऱ्या एका प्रतिस्पर्ध्याकडून पुन्हा ३-२. मग १२ नोव्हेंबर २००४ रोजी उपांत्य फेरीत पुन्हा सम्राट समोर. देश डोळे लावून बसलेला. आणि लिमने तिन्ही डावांत एकच युक्ती केली. डाव सुरू होताच शत्रूच्या दारातच बंकर बांधायचा आणि तिथून गोळीबार करायचा. तिन्ही डाव काही मिनिटांत आटोपले. सामना पाहताना खायला म्हणून मागवलेली कोंबडी घरी पोहोचण्याआधीच निकाल लागला होता, असे चाहते अजून सांगतात. या प्रकारालाही नाव पडले : ‘साम-योन-बोंग’, लागोपाठ तीन बंकर.

नावे ठेवणाऱ्यांचा इतिहासाचा अभ्यास मात्र दांडगा. कोरियात मोठ्या घटना तारखेने ओळखतात. १९६० च्या उठावाला ‘४.१९ क्रांती’ म्हणतात. ३ मार्च २००७ रोजी किम थेक-योंग याने त्या वेळचा अजिंक्य वीर मा जे-युन याला ३-० असे लोळवले, तेव्हा चाहत्यांनी त्याला ‘३.३ क्रांती’ म्हटले आणि किम झाला ‘क्रांतिकारक’.

या मा जे-युनची कथा वेगळी. खेळातल्या नजाकतीमुळे तो ‘माएस्ट्रो’ म्हणवला जाई. सर्वश्रेष्ठांच्या परंपरेची आद्याक्षरे जुळवून चाहते ‘इम-ई-छ्वे-मा’ असा मंत्र म्हणत, त्यातला शेवटचा ‘मा’ त्याचाच. २०१० मध्ये पैसे घेऊन सामने ठरवण्याच्या प्रकरणात तो सापडला. संघटनेने आजन्म बंदी घातली, न्यायालयाने शिक्षा सुनावली. चाहत्यांनी आणखी एक केले : त्याच्या आडनावापुढे ‘जोजाक’ हा शब्द चिकटवला. अर्थ, बनवाबनवी. ‘माएस्ट्रो’ ज्यांनी डोक्यावर मिरवला त्यांनीच हे केले. बंदी कधी उठूही शकते. हे नाव उतरणे कठीण.

‘खोंग’ही असेच चिकटायचे. पण होंगने त्याचा तिरस्कार केला नाही, तो त्या थट्टेत स्वतःच सामील झाला. खेळ उतरला तरी हवाई दलाच्या संघातून खेळत राहिला आणि हरत राहिला. प्रेक्षकही हसत हसत येत राहिले. २० जून २००९ रोजी त्याच्यासमोर क्रांतिकारक किम होता, ऐन भरातला. संघांच्या लीगमध्ये होंग जवळजवळ दोन वर्षे एकही सामना जिंकला नव्हता. तो जिंकला. चाहत्यांनी त्या दिवसाला ‘६.२० देचॉप’ म्हटले. देचॉप हा शब्द कोरियन माणूस एरवी नौसेनापती यी सुन-शिनच्या विजयासारख्या इतिहासातल्या मोठ्या विजयांसाठी वापरतो.

२०१३ मध्ये बुद्धिचातुर्याच्या ‘द जीनियस’ या दूरचित्रवाणी स्पर्धेचे पहिले पर्व झाले. ते होंगने जिंकले, पहिल्या क्रमांकाने. आता दोनाचे काय करायचे, असा पेच चाहत्यांपुढे पडायला हवा होता. पण हे नाव आता कोणत्याही निकालावर अवलंबून राहिले नव्हते. म्हणून तर पुढे नऊ वर्षांनीही तारखेत दोन दिसताच त्यांना खोंग आठवला.