जोराचा पाऊस म्हणजे किती?

इथे शिवथरला पाऊस 'जोराचा' कधी होतो? मिलिमीटरची एकच रेघ ओढून भागत नाही. म्हणून लोत्फी झादे यांनी १९६५ साली फझी संच मांडले. त्यात सदस्यत्व ० किंवा १ एवढंच नसतं, मधलं काहीही चालतं. १९७० मध्ये बेलमन आणि झादे यांनी त्यावर निर्णयाची रीत बसवली. समजा, आपल्याला दरडीखालचं घर सोडायचंय. सकाळी निघालो तर सुरक्षितता ०.९, आवराआवर ०.३, दुपारी ०.७ आणि ०.६, संध्याकाळी ०.२ आणि ०.९. प्रत्येक वेळेचा लहान आकडा घ्यायचा, त्यांतला सर्वांत मोठा निवडायचा. उत्तर आलं दुपार.

आता याच तालुक्यातलं तळीये आठवा, २२ जुलै २०२१. आपल्या रीतीत जीव आणि सामान एकाच तागडीत बसले. तसं बसवावं का, हे गणित सांगत नाही. ते आपणच ठरवायचं.