प्री-वेडिंग शूट: कपल कॅमेऱ्यासमोर अवघडलं तर?

फोटोग्राफीच्या धंद्यात नवीन उतरलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. "सर, कॅमेरा चांगला आहे, लेन्स चांगली आहे, पण कपलचे फोटो पासपोर्ट फोटोसारखे येतात."

कारण बघा. आपल्याकडे बरीच लग्नं घरच्यांनी ठरवलेली. साक्षगंध झालं, दोघं जेमतेम दोन-चारदा भेटली, आणि तुम्ही पहिल्याच मिनिटाला म्हणता, "दादा, ताईंच्या खांद्यावर हात ठेवा." कसं जमणार?

पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या. टपरीवर चहा घ्या, गप्पा मारा. सोबत आलेल्या बहिणीला, मावसभावाला जरा लांब बसवा. खरं अवघडलेपण त्यांच्यामुळेच असतं! मग पोज सांगू नका, काम सांगा. "या धुऱ्यावरून पलीकडे चालत जा, आणि शाळेतली एक फजिती एकमेकांना सांगा." धुरा अरुंद असतो, पाय सांभाळावा लागतो, हात आपोआप धरला जातो. तुम्ही 85 किंवा 135 एमएमची लेन्स लावून लांब उभे. तो फोटो शिकवून येत नाही.

आणि लोकेशनसाठी गोंदियाच्या पोरांनी दूर जायची गरज नाही. तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे लग्नं सुरू होतात, आणि त्याच्या थोडं आधी बांध्यांमधला धान पिवळा होतो. फुकटचा सेट! फक्त शेतमालकाला विचारा आणि कापणीच्या आधी जा. नवेगावबांधचा तलावही छान, पण हिवाळ्यात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणून तीनलाच पोहोचा. हाजरा फॉलला पावसाळ्यातल्या रविवारी जाऊ नका, गर्दीत कोण मोकळं होणार?

नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय शूट किंवा ड्रोन नाही म्हणजे नाही. सारस पक्ष्यांची जोडी दिसली तरी ड्रोन तिच्यामागे पाठवू नका. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच घरटं करतात.

पॅकेज साधं ठेवा: एक जागा, तीन तास, दोन ड्रेस. रेट काढताना फक्त शूटचे तास मोजू नका. एडिटिंगचे दोन दिवस आणि पेट्रोलही धरा. बुकिंगला निम्मा ॲडव्हान्स घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो चांगला आला की हात लगेच इन्स्टाग्रामकडे जातो. थांबा. ठरलेलं लग्न मोडूही शकतं, आणि मग गावात त्या फोटोचा त्रास मुलीलाच जास्त होतो. म्हणून बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा: "दोघांनी लेखी हो म्हटल्याशिवाय एकही फोटो टाकणार नाही, आणि टाकलेला फोटो सांगाल त्या दिवशी काढून टाकू." हा मेसेज दोघांनाही वेगवेगळा पाठवा. फक्त मुलाकडच्यांच्या नंबरवर नको.