ठेकेदार बदलला, पेन्शनचं काय?

‘पेन्शन’ शब्द वाचून पान उलटायच्या बेतात असाल, तर एक मिनिट थांबा. हा विषय फक्त आजोबांचा नाही, तुमचाही आहे. पालिकेची घंटागाडी, सरकारी हॉस्पिटलमधलं हाऊसकीपिंग, ऑफिसातला डेटा एन्ट्री ऑपरेटर... सेवा सरकारी, पण पगार देतो ठेकेदार. टेंडर संपलं की नवा ठेकेदार येतो. माणूस तोच, काम तेच, आयकार्डवरचं नाव तेवढं बदलतं. मग पेन्शनचं काय?

मालक बदलताना पेन्शन सांभाळता येते, हे आपल्याकडे घडलंय. १ ऑक्टोबर २००० ला दूरसंचार खात्याचं काम बीएसएनएलकडे गेलं. तेव्हा केंद्राच्या पेन्शन नियमांत ३७-अ हा नियम आला. कंपनीत सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्यांची खात्यातली आणि कंपनीतली नोकरी एकत्र धरून सरकारी पेन्शन मिळेल, असं त्यात लिहिलं गेलं. हमी कागदावर होती, म्हणून ती टिकली.

ठेक्यावरच्या कामगाराला अशी हमी नाही. त्याचा आधार म्हणजे पीएफसोबतची ईपीएस-९५ योजना. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिथे जातात, तेही १५ हजारांपर्यंतच्या पगारावर. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची नोकरी लागते. ती एकाच मालकाकडे हवी असं नाही, पण जोडलेली हवी.

गोची इथेच होते. समजा, पहिल्या ठेकेदाराकडे ६ वर्षं झाली, दुसऱ्याकडे ५. दोन्ही जोडली तर ११ वर्षं. पगार १५ हजार किंवा जास्त असेल, तर १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिन्याला साधारण २,३५७ रुपये. पण ठेका बदलताना ‘हातात पैसे आले तर बरं’ म्हणून पेन्शनची रक्कमही काढली, तर ती ६ वर्षं गेली. उरली ५. पेन्शन शून्य! २,३५७ रुपयांत घर चालत नाही, हे खरंच. पण तेवढेही का सोडायचे?

मग करायचं काय?

• यूएएन एकच ठेवा. नव्या ठेकेदाराला जुनाच नंबर द्या.
• जुना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.
• पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री बघा. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या ठेकेदाराने भरली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते.
• पासबुक तपासा. पगारातून कापलेले पैसे जमा नसतील, तर ईपीएफओकडे तक्रार करा. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तरी काम करून घेणारी मुख्य संस्था कायद्याने जबाबदार असते.

एक प्रश्न मात्र कामगाराने एकट्याने सुटणारा नाही. नव्या ठेकेदाराने जुन्याच माणसांना घ्यावं आणि त्यांचा पीएफ विनाखंड भरावा, अशी अट टेंडरमध्येच का नसावी? दूरसंचार खात्यासाठी नियम लिहिता आला, तर घंटागाडीसाठी एक अट नक्कीच लिहिता येईल.

तोवर घरातल्या, ओळखीतल्या ठेक्यावरच्या माणसाचं पासबुक उघडून द्या. मोबाइल तुमच्या हातात आहेच!